एल्मायराच्या नोंदवह्या : एका सुधारगृहाची दीडशे वर्षे

न्यूयॉर्क राज्याच्या दक्षिण सीमेजवळ, शमंग नदीच्या काठी वसलेल्या एल्मायरा गावाने बंदिवासाचे दोन अवतार पाहिले. पहिला युद्धाचा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या अखेरीस, १८६४-६५ मध्ये, दक्षिणेच्या फौजेतले बारा हजारांहून अधिक कैदी इथल्या छावणीत डांबले होते. वर्षभरात त्यांतले जवळजवळ तीन हजार थंडी, हगवण आणि देवीने मेले. दुसरा अवतार पुढच्या दशकात गावातल्याच एका टेकडीवर उभा राहिला आणि त्याने स्वतःला तुरुंग म्हणवून घेण्याचेच नाकारले. त्याचे नाव न्यूयॉर्क स्टेट रिफॉर्मेटरी. जुलै १८७६ मध्ये तिथे पहिले कैदी आले. इमारत पुरी व्हायची होती, म्हणून राज्यातल्या जुन्या तुरुंगातून बांधकामासाठी आणलेली ती माणसे होती. २०२६ च्या जुलैत या घटनेला दीडशे वर्षे होतात.

मराठी स्मरणिकेत अमेरिकेतल्या सुधारगृहाचा इतिहास कशासाठी, असे कुणी विचारील. पॅरोल, वर्तणूक पाहून मिळणारी सूट, कोवळ्या वयाच्या कैद्यांना सराईतांपासून वेगळे ठेवणे, सुटकेनंतरची देखरेख आणि प्रत्येक मुलामागे एक जाडजूड फाइल, या गोष्टी आपल्याकडे इतक्या अंगवळणी पडल्या आहेत की त्या कुणीतरी कधीतरी घडवल्या हेच आपण विसरलो. त्यांतल्या बऱ्याचशा एल्मायराच्या टेकडीवर एकत्र आल्या आणि तिथून जगभर गेल्या. त्या फाइलींबद्दल मला अधिक सविस्तर लिहायचे आहे, कारण संस्थेची इमारत आणि तिचे नियम यांपेक्षा तिने मागे ठेवलेले दप्तर तिच्याविषयी जास्त सांगते.

ऑक्टोबर १८७० मध्ये ओहायोतल्या सिनसिनाटी शहरात अमेरिकेतली पहिली राष्ट्रीय तुरुंग परिषद भरली. अध्यक्षस्थानी ओहायोचे गव्हर्नर रदरफर्ड हेज होते, जे पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. कैद्याला क्लेश देणे हा शिक्षेचा हेतू असू नये, त्याला माणसांत परत आणणे हा असावा, असे या परिषदेने ठरावात लिहून काढले. तिथे डेट्रॉइटच्या कारागृहाचे प्रमुख झेब्युलॉन ब्रॉकवे यांनी एक निबंध वाचला. त्यांचे म्हणणे सरळ होते. रोग्याला इस्पितळातून कधी सोडायचे हे भरती होतानाच कुणी ठरवत नाही, मग गुन्हेगाराला किती वर्षे ठेवायचे हे न्यायाधीशाने निकालाच्या दिवशीच का ठरवावे? सुधारला की सोडा, न सुधारला तर ठेवा.

ही कल्पना सर्वस्वी त्यांची नव्हती. ऑस्ट्रेलियाजवळच्या नॉरफोक बेटावर कॅप्टन अलेक्झांडर मॅकोनोची यांनी १८४० मध्ये कैद्यांना गुण देऊन त्या गुणांवर सुटका मिळवू देण्याचा प्रयोग केला होता. आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांनी टप्प्याटप्प्याने मोकळीक देणारी पद्धत बसवली होती. पण या साऱ्याला कायद्याचा आधार देऊन एका नव्या कोऱ्या संस्थेत बसवायची संधी ब्रॉकवेंना एल्मायरात मिळाली. १८७७ मध्ये न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला. पहिल्यांदाच गंभीर गुन्ह्यात सापडलेल्या १६ ते ३० वयाच्या पुरुषांना इथे पाठवायचे. न्यायाधीशाने मुदत सांगायची नाही. त्या गुन्ह्याला कायद्यात जी कमाल शिक्षा असेल तिथपर्यंत केव्हाही सोडण्याचा अधिकार संस्थेच्या व्यवस्थापक मंडळाचा.

या एका तरतुदीचे परिणाम किती खोल गेले हे तेव्हा फारसे कुणाच्या लक्षात आले नसावे. मुदत ठरलेली असते तेव्हा कैदी दिवस मोजतो आणि तुरुंगाला त्याच्या मनात डोकावण्याचे कारण उरत नाही. मुदतच नसेल तर सुटका कशाच्या आधारावर द्यायची? त्यासाठी तो मुलगा आला तेव्हा कसा होता आणि आता कसा आहे, हे कागदावर असायला हवे. एल्मायराच्या नोंदवह्या या गरजेतून जन्मल्या.

नवा कैदी आला की स्वतः ब्रॉकवे त्याची चौकशी करीत. उत्तरे चरित्रनोंदवहीत उतरवली जात. आज हे खंड न्यूयॉर्क राज्याच्या अभिलेखागारात, ऑल्बनी इथे आहेत. पानाची आखणी ठरलेली. नाव, टोपणनावे, क्रमांक, गुन्हा, जिल्हा, न्यायाधीश. मग आईबाप : घराण्यात वेड किंवा अपस्मार होता का, दारूचे व्यसन होते का, शिक्षण किती, सांपत्तिक स्थिती कशी, धंदा कोणता. घर कसे होते आणि कितव्या वर्षी सुटले. मुलाचे स्वतःचे शिक्षण, काम, संगत, धर्म. शरीराची ठेवण आणि प्रकृती. बुद्धीची उपजत कुवत आणि तिच्यावर झालेला संस्कार. शेवटी नैतिक जाणीव : आईबापांबद्दल माया, केल्या कृत्याची लाज, आपण काय गमावले याची खंत. यांतले काय दिसते, किती दिसते, की काहीच दिसत नाही, हे एका भेटीत ठरवायचे आणि लिहायचे.

सगळ्या पानात मला ही शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची वाटते. अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा, बहुधा न्यूयॉर्क शहराच्या गर्दीच्या वस्तीतला, घरफोडी किंवा चोरीत पकडलेला, कारण इथे येणाऱ्या बहुसंख्यांचे गुन्हे मालमत्तेविरुद्धचे होते. आयरिश किंवा जर्मन आईबापांचा, शतकाच्या अखेरीस इटालियन किंवा पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबातला. समोर मेजापलीकडे त्याच्या सुटकेची किल्ली हाती असलेला माणूस. अशा वेळी तो गप्प राहिला तर ते भयाने की निगरगट्टपणाने? नोंदवहीत या प्रश्नाला जागा नव्हती. गप्प राहणाऱ्याला लाज नाही अशी नोंद होऊ शकत होती, आणि ती एकदा झाली की त्याच्या नावाला चिकटली. संस्थेच्या वार्षिक अहवालांत या नोंदींची बेरीज करून टक्केवारीचे तक्ते छापले जात. युरोपात ते अहवाल आवडीने वाचले गेले. हॅवलॉक एलिस यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या गुन्हेगारावरच्या पुस्तकात एल्मायराचे आकडे वापरले. एका माणसाने एका बैठकीत केलेला कयास अशा रीतीने विज्ञान म्हणून फिरू लागला.

घराण्यातल्या वेडाचा रकाना काळाच्या हवेतून आला होता. १८७७ मध्येच रिचर्ड डग्डेल यांचे न्यूयॉर्क राज्यातल्या एका गुन्हेगार कुटुंबाविषयीचे पुस्तक गाजले. स्वतः डग्डेल परिस्थितीलाही महत्त्व देत होते, पण वाचकांनी त्यातून रक्तातला दोष तेवढा उचलला. पुढे विसाव्या शतकात बुद्धिमापनाच्या कसोट्या आल्या तेव्हा याच रकान्याच्या जागी मंदबुद्धी हा शिक्का बसू लागला. प्रश्न बदलले, विचारणाऱ्याची खुर्ची तीच राहिली.

तरीही हे खंड टाकाऊ आहेत असे मी म्हणणार नाही. या मुलांपैकी जवळजवळ कुणीही आत्मचरित्र लिहिले नाही. त्यांच्या आयांनी पत्रे लिहिली असतील तर ती बहुधा हरवली. कितव्या वर्षी बाप गेला, कितव्या वर्षी कारखान्यात लागला, किती दिवस शाळा पाहिली, कोणत्या गल्लीत राहत होता, हे इतक्या तपशिलाने आणखी कुठेही लिहिलेले नाही. अमेरिकेतल्या कितीतरी कुटुंबांना आपल्या पणजोबांचा माग याच पानांवर लागतो. मुलाच्या स्वभावाबद्दल काय लिहिले आहे ते जपून वाचावे, पण त्याच्या घराबद्दल, कामाबद्दल, उपाशी दिवसांबद्दल जे ओघात नोंदले गेले ते सोन्यासारखे आहे.

चरित्रनोंदवहीच्या जोडीला वर्तणुकीची खतावणी होती. प्रत्येक जण दुसऱ्या श्रेणीत दाखल होई. महिन्याला जास्तीत जास्त नऊ गुण मिळत : कामाचे तीन, शाळेचे तीन, वागणुकीचे तीन. सहा महिने पुरे गुण मिळवले की पहिली श्रेणी, आणखी सहा महिने तसेच काढले की पॅरोलसाठी पात्र. चुकला तर खाली, तिसऱ्या श्रेणीत. तिथे अंगावर लाल कपडे आणि एकमेकांना खेटून, पाऊल जुळवून चालायची जुनी तुरुंगी चाल. पुढे गुणांऐवजी पैशांत हिशेब होऊ लागला : कामाचे जमा, जेवण, कपडे, औषध आणि दंड यांचे नावे.

शाळेबद्दल मात्र मोकळ्या मनाने चांगले बोलावे असे बरेच आहे. गावातल्या कॉलेजातले प्राध्यापक संध्याकाळी येऊन शिकवत. अक्षरओळखीपासून इतिहास, अर्थशास्त्र आणि नीतिशास्त्रावरच्या चर्चांपर्यंत वर्ग चालत. १८८३ पासून 'समरी' नावाचे साप्ताहिक तुरुंगातच निघू लागले. मजकूर, जुळणी, छपाई सगळी कैद्यांची. अमेरिकेतल्या तुरुंगी वृत्तपत्रांत ते अगदी आरंभीचे. डॉक्टर हॅमिल्टन वे यांनी १८८६ मध्ये अभ्यासात मागे पडलेल्या काही मुलांना निवडून आंघोळ, मालिश, व्यायाम आणि नीट आहार देऊन पाहिले, आणि त्यांची शाळेतली प्रगती सुधारली. १८८८ मध्ये कामगार संघटनांच्या दबावाने तुरुंगातल्या उत्पादक कामावर कायद्याने बंधने आली तेव्हा ब्रॉकवेंनी रिकामे हात कवायतीला लावले. बॅंडपथक, तुकड्या, कैद्यांतलेच अधिकारी, लष्करी पोशाख. नंतर सुतारकाम, गवंडीकाम, छपाई, नळकाम असे धंदे शिकवणारे वर्ग वाढले.

सुटकाही विचारपूर्वक होती. बाहेर नोकरी पक्की असल्याशिवाय दार उघडत नसे. सुटल्यावर सहा महिने दरमहा पत्राने हकीकत कळवायची, तीही मालकाच्या सहीनिशी. ही पत्रेही दप्तरात गेली. आजच्या पॅरोलचा आणि प्रोबेशनचा सांगाडा इथेच दिसतो.

मग १८९३ साल उजाडले. 'न्यूयॉर्क वर्ल्ड' या दैनिकाने एल्मायरातल्या मारहाणीच्या बातम्या छापायला सुरुवात केली आणि राज्याच्या धर्मादाय मंडळाने चौकशी लावली. तिच्यापुढे आलेल्या साक्षींनी सुधारगृहाचे दुसरे दप्तर उघड झाले. पाण्यात भिजवलेल्या जाड चामडी पट्ट्याने ब्रॉकवे स्वतः मुलांना मारीत. न्हाणीघराच्या खोलीत नेऊन, भिंतीकडे तोंड करून उभे करून. मागे वळून पाहिले तर फटका तोंडावर बसे. अंधारकोठडीत साखळीने जखडून केवळ पाव आणि पाण्यावर ठेवले जाई. फटक्यांची संख्या पाच वर्षांत हजारोंच्या घरात गेली होती. संस्था पाचशेच्या आसपास माणसांसाठी बांधलेली, आणि आत बाराशेच्या वर कोंबलेले. एका माणसाने प्रत्येकाला जातीने ओळखून सुधारायचे हे तत्त्व त्या गर्दीत केव्हाच मोडले होते. उरला तो पट्टा.

१८९४ मध्ये धर्मादाय मंडळाने ही वागणूक क्रूर आणि अमानुष ठरवली. ब्रॉकवेंच्या बाजूने बडी बडी माणसे उभी राहिली. गुन्हेगारांच्या साक्षीवर विश्वास कसा ठेवायचा, हा त्यांचा मुख्य मुद्दा. गव्हर्नर रॉझवेल फ्लॉवर यांनी दुसरा आयोग नेमला आणि त्याने ब्रॉकवेंना निर्दोष ठरवले. ते आणखी सहा वर्षे त्या खुर्चीवर राहिले. १९०० मध्ये, थिओडोर रूझवेल्ट गव्हर्नर असताना, व्यवस्थापक मंडळ बदलले आणि ७३ व्या वर्षी त्यांना जावे लागले. पुढे ते एल्मायराचे महापौर झाले, १९१२ मध्ये पन्नास वर्षांच्या सेवेचे आत्मकथन लिहिले आणि १९२० मध्ये वारले. पट्ट्याबद्दल त्यांना पश्चात्ताप झाला नाही. तो त्यांच्या लेखी उपचाराचा भाग होता.

या संस्थेच्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा कागद कोणता असे विचारले तर मी त्या चौकशीतल्या साक्षी सांगेन. चरित्रनोंदवहीत हीच मुले दिसतात, पण तिथे ती दुसऱ्याच्या शब्दांत. साक्षीत ती पहिल्यांदा स्वतः बोलतात, आणि जे बोलतात ते मेजापलीकडे बसलेल्या माणसाबद्दल असते. एल्मायरावर लिहिणाऱ्याने दोन्ही दप्तरे शेजारी ठेवून वाचायला हवीत. बराच काळ तसे झाले नाही. नोंदवही सरकारी म्हणून खरी, आणि साक्ष कैद्याची म्हणून संशयास्पद. १९९४ मध्ये अलेक्झांडर पिशोटा यांनी सुधारगृह चळवळीवर जे पुस्तक लिहिले त्याने हा तोल सावरला.

दरम्यान एल्मायराची नक्कल देशभर झाली होती : १८८४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या काँकर्डला, १८८९ मध्ये पेनसिल्व्हेनियात हंटिंग्डनला, १८९६ मध्ये ओहायोत मॅन्सफील्डला. साऱ्यांचा दावा एकच, सोडलेल्यांपैकी सुमारे ऐंशी टक्के सुधारतात. त्याची परीक्षा काँकर्डच्या नोंदींनीच घेतली. हार्वर्डच्या शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने १९२१-२२ मध्ये पॅरोल संपलेल्या ५१० माणसांचा पुढची पाच वर्षे माग काढला आणि १९३० मध्ये निष्कर्ष छापला. साधारण तितकेच टक्के, म्हणजे ऐंशीच्या आसपास, पुन्हा गुन्ह्यात आढळले. दाव्यात सुधारलेल्यांचे म्हणून जे प्रमाण सांगितले जात होते, ते निघाले न सुधारलेल्यांचे. संस्थेने आपल्याच नोंदी पॅरोल संपताच थांबवल्या होत्या. पुढे काय झाले हे पाहायला कुणी गेलेच नव्हते.

आता आपल्याकडे. योगायोगाने १८७६ या सालीच ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानासाठी पहिला रिफॉर्मेटरी स्कूल कायदा केला. १८९७ मध्ये त्याच्या जागी नवा आला. पुण्याजवळचे येरवड्याचे रिफॉर्मेटरी स्कूल या कायद्यांखालचे. पण हे कायदे लहान मुलांसाठी होते. सोळा वर्षांवरच्या तरुणांचे काय, हा प्रश्न तसाच होता. १८९७ मध्येच इंग्लंडचे तुरुंगप्रमुख इव्हलिन रगल्स-ब्राइज एल्मायरा पाहायला गेले. शिक्षण, धंदा, श्रेणी, सुटकेनंतरची देखरेख हे सारे त्यांना पटले. तीस वर्षांपर्यंतची वयोमर्यादा मात्र त्यांना फार वाटली. सोळा ते एकवीस हा गट धरून त्यांनी केंट परगण्यातल्या बोर्स्टल गावी विसाव्या शतकाच्या आरंभी आपली संस्था सुरू केली आणि १९०८ मध्ये तिला कायद्याचे रूप आले. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीने तीच वाट सुचवली. मद्रास, पंजाब, बंगाल यांच्या मागोमाग मुंबई इलाख्याने १९२९ मध्ये बोर्स्टल शाळांचा कायदा केला. नाशिकचे किशोर सुधारालय या घराण्यातले. एल्मायराच्या टेकडीपासून नाशिकपर्यंतचा हा रस्ता अर्ध्या शतकाचा आहे, आणि त्यावरून नियमांबरोबर नोंदी करण्याची सवयही आली.

खुद्द एल्मायरा पुढे बदलत गेले. १९४५ मध्ये तिथे तरुण कैद्यांची तपासणी करून त्यांना योग्य संस्थेत पाठवणारे स्वागत केंद्र सुरू झाले, आणि फाइल आणखी जाड झाली : मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर, धर्मगुरू, शिक्षक, प्रत्येकाचा वेगळा अहवाल. १९७० च्या सुमारास सुधारगृह हे नाव गेले. आज ते राज्याचे कडेकोट कारागृह आहे आणि तिथे सर्व वयांचे पुरुष असतात.

आपल्याकडे प्रोबेशन अधिकारी बाल न्याय मंडळापुढे सामाजिक तपास अहवाल ठेवतो. घर, शाळा, संगत, सवयी, कुटुंबातले व्यसन, हे रकाने वाचताना एल्मायराची वही डोळ्यांपुढे येतेच. एक फरक फार मोठा आहे आणि त्याचा अभिमान बाळगावा असा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ ने मुलावरच्या दोषसिद्धीची नोंद, काही गंभीर अपवाद सोडता, ठरावीक मुदतीनंतर नष्ट करायला सांगितले आहे. कलम ७४ ने त्याची ओळख उघड करायला बंदी घातली आहे. एल्मायराच्या मुलाला हे भाग्य नव्हते. त्याला लाज नव्हती हा ब्रॉकवेंचा कयास दीडशे वर्षांनीही त्याच्या नावासह वाचता येतो.

पण या चांगल्या कायद्याच्या आडून दुसरे काही नष्ट होता कामा नये, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मला हेच आवर्जून सांगायचे आहे. मुलाची ओळख पुसावी, संस्थेची पुसू नये. एल्मायरातला पट्टा चरित्रनोंदवहीत दिसत नाही. तो चौकशी समितीच्या दप्तरात दिसतो, शिक्षेच्या हिशेबात दिसतो, पाचशेंच्या जागेत बाराशे होते या हजेरीत दिसतो. आपल्या निरीक्षणगृहांची रोजची हजेरी, भोजनाचे रजिस्टर, कोणत्या चुकीला काय शिक्षा झाली याची नोंद, भेट देणाऱ्या समित्यांचे शेरे, मुलांनी केलेल्या तक्रारी आणि त्यांचे पुढे काय झाले, हे कागद मुलांची नावे काढून जिल्ह्याच्या ठिकाणी नीट जपायला हवेत. सुटलेल्या मुलाचे पाच वर्षांनी काय झाले हे विचारायला कुणीतरी जायला हवे, ग्लूक दांपत्य गेले तसे, मात्र मुलाची संमती घेऊन. आणि सामाजिक तपास अहवालात एक रकाना वाढवायला हवा, जो एल्मायराच्या वहीत कधीच नव्हता : संस्थेबद्दल मुलाला काय म्हणायचे आहे, त्याच्याच शब्दांत.